थांबण्याचा निरोप

२०२३ च्या जूनमध्ये शाळा सुरू होऊन दोन आठवडे झाले असतील. सकाळी उठले आणि उजव्या हाताची मूठ मिटेना. बोटं दुखत होती एवढंच म्हणून भागणार नाही, ती माझी वाटतच नव्हती. रात्रभर कुणी सांध्यांत भिजवलेलं पीठ भरून ठेवावं आणि पहाटेपर्यंत ते घट्ट व्हावं, तशी. नारळ खवायला आदोळीवर बसले तर करवंटी हातातून निसटून चुलीपर्यंत घरंगळत गेली. आठ वाजेपर्यंत हात सैल झाले, शाळेत गेले आणि दिवसभरात विसरूनही गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी डावा हातही तसाच.

मी साखळीजवळ राहते, हायस्कुलात विज्ञान शिकवते. बावीस वर्षं मुलांना पांढऱ्या पेशी समजावताना मी एकच उपमा वापरत आले: सैनिक. रोगजंतू म्हणजे शत्रू, पेशी म्हणजे सैनिक, लढाई झाली आणि संपली. मुलांना ती आवडते, लक्षातही राहते. पण गेल्या अडीच वर्षांत माझ्या स्वतःच्या सांध्यांत जे घडलं, त्यानं ती उपमा माझ्यापुरती तरी मोडून टाकली. वर्गात मी इंग्रजीतून शिकवते. हे दुखणं मात्र मराठीत सोसलं, म्हणून मराठीतच लिहून ठेवते.

पहिल्याच आठवड्यात मी कालनिर्णयच्या चौकटीत रोज एक आकडा लिहायला लागले. उठल्यापासून मूठ पूर्ण मिटेपर्यंत किती मिनिटं लागली, तो आकडा. जूनअखेर ३५. जुलैत ६०. ऑगस्टमध्ये ९०. शेजारीण रोज कुंपणापलीकडून विचारायची, "टीचर, हाताक कितें जालें गो?" आणि मला उत्तर देता यायचं नाही. एका डॉक्टरांनी पावसाची हवा आणि शेहेचाळीस वय ही दोन कारणं सांगून वेदनाशामक गोळ्या दिल्या. त्या गोळ्यांनी दुपार बरी जायची, पहाट नाही.

पुढे जे केलं ते सांगायला हवं, कारण गोव्यात आणि गोव्याबाहेरही असंख्य बाया तेच करतात. ओळखीतल्या कुणी सुचवलं म्हणून मी दर गुरुवारी येणाऱ्या एका माणसाकडून पांढऱ्या पुड्या घेतल्या. जडीबुटी आहे, अपाय काही नाही, असं त्यानं सांगितलं. तीन दिवसांत मूठ मिटली. चौथ्या दिवशी मी अख्खा नारळ खवला आणि तिथंच बसून रडले. त्या वर्षी चतुर्थीला आमच्या वाड्यावरच्या बायकांच्या घुमट आरतीत, म्हणजे मातीच्या घुमटांच्या ठेक्यावर म्हणायच्या आरतीत, मी नेहमीप्रमाणे कासाळे, म्हणजे मोठे टाळ, वाजवले. पुढच्या दोन महिन्यांत चेहरा गोल झाला, गाल भरले. नवरा म्हणाला, तब्येत सुधारली. डिसेंबरात तो माणूस यायचा बंद झाला, पुड्या संपल्या, आणि आठवड्याभरात मी अशी आडवी झाले की पाण्याचा तांब्यासुद्धा उचलवेना.

जानेवारी २०२४ मध्ये नवऱ्यानं मला पणजीला संधिवाताच्या तज्ज्ञ डॉक्टरांकडे नेलं. आमोण्याच्या पुलावरून माशेल, बाणस्तारी, जुने गोवे, असा तासाभराचा रस्ता, आणि प्रत्येक गतिरोधकाला माझ्या मनगटांतून कळ निघत होती. डॉक्टरांनी हात बघायच्या आधी माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि विचारलं, "टीचर, पुड्या घेत होता का?"

सकाळच्या रक्तातलं कॉर्टिसॉल तपासलं तर ते फारच खाली होतं. पुड्यांत स्टेरॉइड असणार, हे डॉक्टरांचं अनुमान त्यावरूनच. आपल्या मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी रोज कॉर्टिसॉल बनवतात, ते शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड. बाहेरून स्टेरॉइड भरमसाट येत राहिलं की त्या ग्रंथी काम सोडून देतात. मग बाहेरचा पुरवठा अचानक तुटला की शरीर उघडं पडतं. पुड्यांनी बरं का वाटलं याचाही खुलासा इथंच आहे. १९४८ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी माझ्यासारख्याच आजाराच्या एका स्त्रीला कॉर्टिझोन हे स्टेरॉइड दिलं आणि अंथरुणाला खिळलेली ती बाई काही दिवसांत चालायला लागली. १९५० चं नोबेल त्या कामाला मिळालं. स्टेरॉइड पेशीच्या थेट केंद्रकात शिरतं आणि सूज पेटवणारे निरोप जिथून लिहिले जातात तिथंच ते बंद पाडतं. पण कुठला निरोप चुकीचा आणि कुठला गरजेचा, हे ते बघत नाही. सगळ्यांचीच तोंडं एकदम मिटतात. मला डॉक्टरांनी मोजून मापून थोडं स्टेरॉइड पुन्हा सुरू केलं आणि सहा महिने हळूहळू उतरवत नेलं. ज्या कुणी अशा पुड्या घेत असतील त्यांनी हे वाचून एकदम बंद करू नयेत. आधी डॉक्टरांना दाखवावं. हे मी कळवळून सांगते आहे.

निदान झालं आमवाताचं, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसचं. रक्तात सीसीपीविरोधी प्रतिपिंडं, म्हणजे ह्या आजाराची खूण असलेली प्रथिनं, सापडली. शरीरातली सूज मोजणाऱ्या दोन तपासण्याही चढलेल्या: ईएसआर ७८ आणि सीआरपी ४१.

हे दोन आकडे मी पूर्वी कितीतरी रिपोर्टांवर बघितले होते, पण त्यांचा अर्थ कळला तो साखळीतल्या एका प्रयोगशाळेत. तिथं काम करणारा मुलगा माझा जुना विद्यार्थी. मी विचारलं तसं त्यानं मला आत बोलावलं. स्टँडवर रक्तानं भरलेल्या बारीक उभ्या नळ्या होत्या. एका नळीत वर जेमतेम बोटाच्या पेराएवढा पिवळसर द्रव दिसत होता. शेजारच्या, माझ्या नळीत लाल रंग कितीतरी खाली उतरला होता. तासाभरात किती मिलिमीटर उतरला, तो ईएसआर. "टीचर, तुमच्या रक्तपेशी जड झालेल्या नाहीत," तो म्हणाला, "त्या नाण्यांच्या चळतीसारख्या एकमेकींना चिकटतात, म्हणून लवकर बुडतात." त्या चिकटतात कारण रक्तात फायब्रिनोजन नावाचं प्रथिन वाढलेलं असतं. ते बनवतं यकृत. आणि यकृताला ते बनवायला सांगतो इंटरल्युकिन-६ हा निरोप्या, जो माझ्या बोटांच्या सांध्यांतून निघून रक्तातून तिथवर पोचलेला असतो. सीआरपीचंही तसंच. ते प्रथिन १९३० मध्ये न्यूमोनियाच्या रोग्यांच्या रक्तात सापडलं होतं आणि तेही यकृत ह्याच निरोपावरून बनवतं. मी त्या नळीकडे बराच वेळ बघत उभी राहिले. बोटं सुजली होती, पण त्यांची बातमी पोटात पोचली होती, आणि पोटानं तिला उत्तर दिलं होतं.

त्या दिवसापासून मी वाचायला लागले. हा सगळा कारभार किती बोलका आहे, हे मला खरोखर माहीत नव्हतं.

पायात काटा मोडला तर काय होतं ते बघा. त्वचेखाली मॅक्रोफेज नावाच्या पेशी कायम वस्तीला असतात. मेचनिकॉव्ह या शास्त्रज्ञानं १८८२ मध्ये इटलीत मेसिना इथं तारामाशाच्या पारदर्शक अळीत गुलाबाचा काटा टोचला आणि दुसऱ्या दिवशी काट्याभोवती जमलेल्या फिरत्या पेशी पाहिल्या. भक्षक पेशींची गोष्ट तिथून सुरू होते. ह्या पेशी जंतू गिळतात, पण गिळण्याआधी ओरडतात. त्यांची ओरड म्हणजे सायटोकाइन ही छोटी प्रथिनं. टीएनएफ आणि इंटरल्युकिन-१ शेजारच्या रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला सांगतात की चिकट व्हा. मग रक्तातून वाहत चाललेले न्यूट्रोफिल, म्हणजे एका जातीच्या पांढऱ्या पेशी, त्या भिंतीवर घरंगळतात, अडकतात, फटीतून बाहेर पडतात. इंटरल्युकिन-८ चा माग काढत ते नेमके काट्यापाशी येतात. इंटरल्युकिन-१ मेंदूपर्यंत गेलं तर ताप चढतो. डेंड्रायटिक नावाच्या पहारेकरी पेशी जंतूचा तुकडा घेऊन जवळच्या लसीका गाठीत जातात आणि टी पेशी या दुसऱ्या जातीच्या पांढऱ्या पेशींना तो दाखवतात. नुसता तुकडा दाखवून टी पेशी हलत नाही. धोका खरा आहे अशी दुसरी खूण सोबत लागते. रोमन लेखक सेल्सस यांनी दोन हजार वर्षांपूर्वी लिहिलेली दाहाची चार लक्षणं, लाली, सूज, उष्णता आणि वेदना, ही सगळी ह्या बोलण्याची बाहेर दिसणारी खूण.

आणि मग हे सगळं थांबतं. याकडे मी बावीस वर्षांत एकदाही लक्ष दिलं नव्हतं. मला वाटायचं, जंतू संपले की सूज आपोआप ओसरते, लाकडं संपली की चूल विझते तशी. तसं नाही. थांबवणं हे वेगळं काम आहे आणि त्यालाही निरोप लागतात. न्यूट्रोफिल थोडक्या आयुष्याचे असतात. ते मरायला टेकले की आपल्या पृष्ठभागावर 'मला खा' अशी खूण बाहेर काढतात. मॅक्रोफेज त्यांना गिळतो, आणि त्या गिळण्यानंच त्याचा सूर पालटतो. जो आत्तापर्यंत टीएनएफ सोडत होता तो आता इंटरल्युकिन-१० आणि टीजीएफ-बीटा सोडायला लागतो, म्हणजे शांत व्हा, डागडुजी करा. माशाच्या तेलातल्या ओमेगा-३ पासून शरीर रिझॉल्व्हिन नावाची द्रव्यं बनवतं, तीही नवे न्यूट्रोफिल येऊ नका म्हणून सांगतात. (हे वाचून सासूबाईंनी आठवडाभर रोज बांगड्याचं हुमण केलं. त्यानं आमवात जात नाही, पण हुमण उत्तम झालं होतं.)

आमच्या आरतीत एकत्र सुरू करायला कुणालाही जमतं. शिकावं लागतं ते एकत्र थांबायला. शामेळ हे तालवाद्य वाजवणारी वहिनी मान वर करते, घुमटवाल्या तिच्याकडे बघतात, मी कासाळे छातीशी आणते, आणि शेवटचा ठोका सगळ्यांचा एकच पडतो. एखादी नवी मुलगी डोळे मिटून वाजवत राहिली की आरती मोडते. माझ्या सांध्यांत थांबण्याची खूण कुणी करत नव्हतं, किंवा केली तरी कुणी बघत नव्हतं. काटा नव्हताच. तरी मॅक्रोफेज ओरडत होते, सांध्याच्या अस्तरातल्या पेशी त्याला ओ देत होत्या, टी पेशी आणखी हाकारत होत्या, आणि हाड कुरतडणाऱ्या पेशींनाही बोलावणं गेलेलं होतं. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडावर धरून माझ्या डाव्या मधल्या बोटाच्या सांध्याची कड दाखवली. पानाला अळीनं खाल्ल्यासारखी ती एका जागी बारीक तुटली होती.

पहाटच का वाईट, तेही कळलं. मध्यरात्रीच्या आसपास रक्तातलं कॉर्टिसॉल सगळ्यात खाली असतं, आणि आमवातात इंटरल्युकिन-६ पहाटे चढतं. शांत करणारा झोपलेला आणि पेटवणारा जागा, त्या वेळेला मी उठत होते.

मेथोट्रेक्झेट हे आमवाताचं औषध सुरू झालं. आठवड्यातून एकदाच, रविवारी रात्री, आणि वेगळ्या दिवशी फॉलिक अॅसिड. हे औषध चुकून रोज घेतल्यानं माणसं दगावली आहेत, असं डॉक्टरांनी दोनदा बजावलं, म्हणून सासूबाईंनी डब्यावर खडूनं मोठ्या अक्षरांत 'रविवार' लिहिलं आणि डबा स्वतःच्या ताब्यात ठेवला. ह्या औषधाच्या मुळाशी आपला माणूस आहे, हे मी आता दरवर्षी मुलांना सांगते. आंध्रात भीमावरमला जन्मलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेत फॉलिक अॅसिडवर काम करत होते. त्यांच्या चमूनं बनवलेली फॉलिक अॅसिडविरोधी द्रव्यं १९४७-४८ मध्ये सिडनी फार्बर यांनी रक्ताच्या कर्करोगानं आजारी मुलांना दिली. मेथोट्रेक्झेट त्याच घराण्यातलं. कर्करोगात ते मोठ्या मात्रेत देतात, आमवातात अगदी थोडं. एवढ्याशा मात्रेत ते ज्या वाटांनी काम करतं त्यांतली एक मला फार आवडते. ते पेशींबाहेर अॅडेनोसिन वाढवतं, आणि अॅडेनोसिन हा स्वतःच एक शांतवणारा निरोप आहे.

सोमवारी मळमळायचं. पहिला तास मी बसून शिकवायचे. तीन महिन्यांनी कालनिर्णयच्या चौकटीत ९० मिनिटांची ५५ झाली आणि तिथंच थांबली. २०२४ च्या चतुर्थीला मी माटोळीला, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळाफुलांच्या चौकटीला, चिबूड बांधायला गेले तर सुतळीची गाठ बसेना. शेवटी माझ्या लेकीनं स्टुलावर चढून सगळी माटोळी बांधली. आरतीला मी कासाळे घेतलेच नाहीत. मागे भिंतीला टेकून नुसत्या टाळ्या वाजवल्या, त्याही तळव्यांनी, बोटं न लावता.

नोव्हेंबरात डॉक्टर म्हणाल्या, आता टीएनएफ अडवू या.

एकच निरोप अडवून काय होणार, हा प्रश्न मला पडला, आणि तो शास्त्रज्ञांनाही पडला होता. सांध्यात डझनावारी सायटोकाइन असतात, एकाचं काम दुसरा करू शकतो. लंडनमध्ये मार्क फेल्डमन, रविंदर मैनी आणि फियोन्युला ब्रेनन यांनी रुग्णांच्या सांध्यांतल्या पेशी काढून प्रयोगशाळेत वाढवल्या आणि त्यात टीएनएफ अडवणारी प्रतिपिंडं टाकली. तर इंटरल्युकिन-१ सुद्धा खाली आलं. हे १९८९ चं काम. म्हणजे त्या गलक्यात सगळे सारखे नव्हते. एकाचं ऐकून बाकीचे बोलत होते. १९९२ मध्ये चेरिंग क्रॉस हॉस्पिटलात पहिल्या रुग्णांना ती प्रतिपिंडं दिली आणि त्यांचे सांधे सुटले.

पण इंजेक्शनाआधी क्षयाची तपासणी सक्तीची. माझ्या मते ह्या सगळ्या प्रवासातलं सगळ्यात खोल शहाणपण मला तिथं मिळालं, म्हणून ते जरा सविस्तर सांगते.

डाव्या हाताच्या आतल्या बाजूला त्वचेत क्षयजंतूच्या प्रथिनाचा एक थेंब टोचला. त्या दिवशी काही दिसलं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लालसर उंचवटा, तिसऱ्या दिवशी बोटाखाली कठीण लागणारी गाठ. परिचारिकेनं बॉलपेन त्वचेवरून कडेकडे सरकवत नेलं आणि जिथं अडलं तिथं खूण केली, मग पलीकडच्या बाजूनं तसंच, मग पट्टी लावली. १४ मिलिमीटर. लाली मोजत नाहीत, कठीणपणा मोजतात, कारण तो तिथं जमलेल्या पेशींचा असतो. माझ्या टी पेशींनी ते प्रथिन ओळखलं होतं, मॅक्रोफेजना हाक मारली होती, आणि ते दोन दिवस चालत तिथं आले होते. पाठ्यपुस्तकातलं सगळं संभाषण माझ्या हातावर उठून बसलं होतं.

लहानपणी क्षयाची बीसीजी लस घेतलेली, तिच्यामुळेही अशी गाठ उठू शकते, म्हणून खात्रीसाठी रक्ताचीही तपासणी केली. त्यात आपलं रक्त क्षयजंतूच्या प्रथिनांबरोबर रात्रभर उबेत ठेवतात आणि टी पेशींनी इंटरफेरॉन-गॅमा सोडलं का ते मोजतात. एका नळीतल्या पेशी एक विशिष्ट शब्द उच्चारतात का, ते ऐकायची तपासणी. त्यांनी तो उच्चारला. छातीचा एक्स-रे स्वच्छ. खोकला नाही, ताप नाही. डॉक्टर म्हणाल्या, जंतू आहेत, पण झोपलेले, कोंडलेले.

मला माझे आजोबा आठवले. मी सहा-सात वर्षांची असताना त्यांना क्षय झाला होता आणि मी त्यांच्याच खोलीत, त्यांच्या पायथ्याशी झोपायचे. त्या वेळी आत गेलेले जंतू माझ्या मॅक्रोफेजनी गिळले, मारता आले नाहीत म्हणून घेरले, भोवती पेशींची भिंत उभी केली. ती भिंत विटांची नाही. टी पेशी इंटरफेरॉन-गॅमा पाठवत राहतात, मॅक्रोफेज टीएनएफ सोडत राहतात, आणि त्या सततच्या देवाणघेवाणीवर ती उभी असते. टीएनएफ अडवला की भिंत ढासळू शकते. ही औषधं नवी असताना २००१ च्या सुमारास ध्यानात आलं की ती घेणाऱ्या काही रुग्णांना क्षय उफाळून येतोय. चाळीस वर्षं माझ्या पेशी न झोपता एकमेकींना तोच निरोप देत उभ्या होत्या, ज्याला मी वर्षभर माझा वैरी समजत होते. क्लिनिकच्या बाहेरच्या बाकावर बसून मी नवऱ्याला हे सांगायला लागले आणि माझा आवाजच फुटेना.

मग सहा महिन्यांसाठी आयसोनियाझिड, सोबत बी-६. यकृतावर दोन औषधांचा भार, म्हणून दर महिन्याला एसजीपीटी. पहिला महिना गोळ्या नीट सोसल्या, तेव्हा जानेवारी २०२५ मध्ये पहिलं इंजेक्शन मिळालं. अॅडालिम्युमॅब, ४० मिलिग्रॅम, दर दोन आठवड्यांनी. भारतात बनलेलं, त्यामुळे मूळ औषधाहून स्वस्त, तरी माझ्या पगाराला जडच. हे औषधही एक प्रतिपिंड आहे, टीएनएफला वाटेतच धरून ठेवणारं, चिनी हॅम्स्टरच्या अंडाशयातून आलेल्या पेशींत वाढवलेलं. फ्रीजमध्ये दोन ते आठ अंशांत ठेवायचं, गोठू द्यायचं नाही. आमच्याकडे पावसात वीज जाते तेव्हा मी आधी फ्रीजच्या दाराला चिकटपट्टी लावते, म्हणजे सवयीनं कुणी उघडू नये. टोचण्याआधी अर्धा तास बाहेर काढून ठेवायचं; थंडगार टोचलं की मांडी चांगलीच चुरचुरते. पहिल्यांदा लेकीनं टोचलं, तेव्हा आम्हा दोघींचेही हात थरथरत होते.

दहाव्या दिवशी चौकटीत २० लिहिलं. सोळाव्या दिवशी ८. महिन्यानं सीआरपी ४ वर आलं होतं, ईएसआर मात्र अजून ४० च्या घरात. जुना विद्यार्थी म्हणाला, ईएसआर उशिरा ऐकतो, टीचर. खरं आहे, सीआरपी निम्मं व्हायला जेमतेम एकोणीस तास लागतात, म्हणून निरोप थांबला की ते लगेच उतरतं, पण फायब्रिनोजन सावकाश.

जुलैत एक धडा मिळाला. परसात पायाला खिळा लागला. जखम लहान, लाली जवळपास नाही, दुखणंही थोडं, म्हणून मी दुर्लक्ष केलं. तिसऱ्या दिवशी पाऊल भरून आलं आणि त्यातून पू निघाला. लाली आणि वेदना यांची हाकच दबलेली होती, त्यामुळे मला कळलं उशिरा. डॉक्टरांनी प्रतिजैविकं दिली आणि जखम भरेपर्यंत इंजेक्शन लांबवायला सांगितलं. तीन आठवडे ते घेतलं नाही. मूठ ३० मिनिटांवर गेली, आणि पाय बरा झाला. तेव्हापासून मी रोज रात्री तळपाय आरशात बघते, मधुमेहाचे रोगी बघतात तसे.

२७ ऑगस्टला चतुर्थी. माटोळीच्या सगळ्या गाठी मी मारल्या. कांगलांचे घोस, सुपारीचे घड, तोरिंगं, चिबूड, सगळं. दीड दिवसाच्या आरत्यांना मी कासाळे घेऊन पुढच्या ओळीत होते, आणि शामेळवाल्या वहिनीनं मान वर केली तेव्हा माझा हात वेळेवर छातीशी आला.

ऑक्टोबरच्या ६ तारखेला संध्याकाळी बातम्यांत वैद्यकशास्त्राचं नोबेल जाहीर झालं. मेरी ब्रन्कोव्ह, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची. मी हातातलं काम टाकून उभी राहिले, कारण हा माझ्या आजाराच्या मर्माचा पुरस्कार होता. इतरांना आवरणाऱ्या टी पेशींचा एक वेगळा वर्गच असतो, हे साकागुचींनी १९९५ मध्ये दाखवलं. त्या काळात ह्या कल्पनेवर फारसं कुणाचं लक्ष नव्हतं, तरी त्यांनी ती सोडली नाही. ब्रन्कोव्ह आणि रॅम्सडेल यांनी २००१ मध्ये, जन्मतःच आजारी पडून मरणाऱ्या खरबरीत कातडीच्या उंदरांत, फॉक्सपी-३ हे जनुक बिघडलेलं शोधलं. तेच बिघडलं की मुलग्यांनाही अगदी तान्हेपणी जीवघेणा स्वप्रतिरक्षा आजार, म्हणजे शरीराच्या पेशी शरीरावरच उलटण्याचा आजार, होतो. त्या आवरणाऱ्या पेशी ह्याच जनुकावर घडतात. त्या इंटरल्युकिन-२ हे टी पेशींचं खाद्य स्वतःच ओढून घेतात, इंटरल्युकिन-१० सोडतात, आणि डेंड्रायटिक पेशींच्या अंगावरची 'धोका आहे' ही दुसरी खूण अक्षरशः उतरवून घेतात. थांबण्याची खूण करणारी वहिनी तिथंही आहे.

दुसऱ्या दिवशी नववीच्या वर्गात धडा वेगळाच चालू होता, पण मी फळ्यावर एक सुजलेलं बोट काढलं आणि मुलांना विचारलं की सूज उतरते तेव्हा तिला उतरायला कोण सांगतं. मागच्या बाकावरचा, एरवी गप्प असणारा मुलगा म्हणाला, "टीचर, जी चढवते तीच पेशी." मॅक्रोफेजचा सूर कसा पालटतो ते सांगायला मला उरलेला सगळा तास पुरला नाही. सैनिकांची उपमा मी त्या दिवशी वापरली नाही.

नोव्हेंबरात डॉक्टर म्हणाल्या, आता सांधे शांत आहेत, इंजेक्शनांतलं अंतर दोनाचं तीन आठवडे करून बघू. माझ्या स्वतःच्या आवरणाऱ्या पेशी किती सांभाळतात ते दिसेल. मेथोट्रेक्झेट चालूच, डब्यावरचं 'रविवार' पुसट झालं होतं ते सासूबाईंनी पुन्हा गिरवलं. काल एकविसावा दिवस होता. सकाळी मूठ मिटायला १४ मिनिटं लागली. मी ते चौकटीत लिहिलं, फ्रीजमधून इंजेक्शनचं पेन काढून टेबलावर ठेवलं, आणि त्याचा गारवा जाईपर्यंत आदोळीवर बसून नारळ खवला.